खेळलेल्या गेमविषयी लिहिताना: ‘भारी आहे’च्या पुढचे वाक्य

तुमचा प्रश्न मी थोडक्यात असा समजले. बोरिवली ते चर्चगेट हा रोजचा प्रवास आणि घरी आल्यावर रात्रीचा तासभर, एवढ्या वेळात तुम्ही गेल्या तीन महिन्यांत चार गेम खेळलात: फोनवर स्टारड्यू व्हॅली, घरी राजी, तेरा तासांनंतर सोडून दिलेला एल्डन रिंग, आणि सध्या चालू असलेला रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. कोण काय खेळते आहे हे महिन्यातून एकदा एकमेकांना लिहून कळवण्याची तुमच्या मित्रमंडळींत पद्धत आहे, पण तुम्ही लिहायला बसलात की ‘ग्राफिक्स छान, स्टोरी छान, कंट्रोल्स ठीक, दहापैकी आठ’ यापलीकडे काही सुचत नाही. शिवाय अर्धवट सोडलेल्या गेमविषयी मत देण्याचा आपल्याला अधिकार आहे का, आणि राजी आपल्याकडचा म्हणून आवडला की खरोखरच आवडला, या दोन शंका तुम्ही जोडल्या आहेत.

मी गेली सोळा वर्षे मुंबईत गेम तपासण्याचे काम करते. ‘दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात’ असे आमच्या कामाविषयी नातेवाइकांत बोलले जाते. प्रत्यक्षात एकाच भिंतीला साठ वेळा धडकून एकसष्टाव्या वेळी पात्र भिंतीच्या आत अडकते का, हे पाहणे म्हणजे आमचे काम. त्यामुळे साहित्यिक उत्तर माझ्याकडे नाही. अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असा कसा नोंदवायचा, एवढे मात्र या कामाने मला पक्के शिकवले आहे.

तुम्हाला शब्द सुचत नाहीत असे तुम्ही म्हणता, पण तुमचा मजकूर वाचून मला तसे वाटत नाही. ग्राफिक्स, स्टोरी, कंट्रोल्स हे वस्तूचे भाग झाले आणि तुम्ही त्यांची हजेरी घेत आहात. मित्राला मात्र त्या वस्तूशी गाठ पडल्यावर तुमचे काय झाले हे ऐकायचे आहे. आमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला की त्याचा पहिला अहवाल हमखास ‘उडी नीट लागत नाही’ असा असतो, आणि प्रोग्रॅमर तो तसाच परत पाठवतो. मग त्याला चार गोष्टी लिहायला शिकवतात: मी काय केले, काय होईल असे मला वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले, आणि हे कोणत्या यंत्रावर व गेमच्या कोणत्या आवृत्तीत झाले. दोषाच्या नोंदीसाठी घालून दिलेला हा साचा आनंदाच्या नोंदीलाही तितकाच चालतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

स्टारड्यू व्हॅलीचेच घ्या. एरिक बरोन या एका माणसाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून केलेला आणि २०१६ साली आलेला हा गेम शांत शेतीचा म्हणून ओळखला जातो, आणि तुम्हीही ‘रिलॅक्सिंग आहे’ एवढेच लिहिले आहे. वास्तविक या गेममधले घड्याळ अजिबात शांत नाही. तिथला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला, तुम्ही अंथरुणाला पाठ टेकलेली असो वा नसो, संपतो; घड्याळातली दर दहा मिनिटे खऱ्या सात सेकंदांत सरतात, म्हणजे अख्खा दिवस जेमतेम चौदा मिनिटांचा. बोरिवलीला फास्ट पकडल्यापासून चर्चगेटला उतरेपर्यंत तुमचे तिथले तीन-साडेतीन दिवस उरकत असणार. एवढी घाई असलेली गोष्ट तुम्हाला आराम देते कशी, हा खरा लिहिण्याजोगा मुद्दा आहे आणि त्याचे उत्तर तुमच्या हातांना ठाऊक आहे. सुरुवातीला महापौर पंधरा बिया भेट देतो; त्या पेरल्या की रोज सकाळी उठून प्रत्येक वाफ्याला झारीने वेगळे पाणी घालावे लागते, आणि त्यात अंगातली शक्तीही खर्च होते. घरातल्या टीव्हीवर मात्र उद्याच्या हवामानाचा अंदाज लागतो, आणि त्यात पाऊस सांगितला की पाणी घालायचे काम आपोआप टळून दुसरा दिवस खाणीत उतरायला किंवा गावात भटकायला मोकळा मिळतो. जुलैमध्ये अंधेरी सबवेत पाणी भरल्याची बातमी डब्यात सगळेजण एकमेकांना दाखवत असताना, हातातल्या फोनवर उद्या पाऊस आहे हे पाहून तुम्ही कधी खूश झालात का? झाला असाल तर ‘रिलॅक्सिंग’ हा शब्द खोडून ते वाक्य लिहा.

याच गेमचे आणखी एक उदाहरण देते, कारण परिस्थितीनुसार मत कसे बदलते हे त्यात स्वच्छ दिसते. संगणकावर किंवा कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, स्टारड्यू खेळताना तुमची प्रगती पात्र झोपायला गेले की मगच साठवली जाते; त्यामुळे ‘एवढा दिवस संपवू आणि बंद करू’ म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजतो. फोनवरच्या आवृत्तीत गेम दिवसाच्या मधेही आपोआप साठवला जातो, म्हणून दादर आले की फोन खिशात आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तेथूनच पुढे. ‘सुटता सुटत नाही’ ही माझी तक्रार आणि ‘कधीही थांबवता येतो’ ही तुमची प्रशंसा एकाच गेमविषयी आहे आणि दोन्ही खऱ्या आहेत. कशावर आणि कधी खेळलात हे लिहिले नाही, तर वाचणाऱ्याला आपल्यापैकी एकजण खोटे बोलतो आहे असे वाटेल.

हे लिहिण्याची भाषा आपल्याकडे नाही, अशी सबब मला पटत नाही. मी गिरगावात वाढले. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीच्या टोकाला एक व्हिडिओ गेम पार्लर होते आणि तिथे कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स हा गेम ‘मुस्तफा’ या नावाने चाले; त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या पात्राचे नाव अख्ख्या गेमला चिकटले होते, आणि मूळ नाव विचारले असते तर तिथल्या एकालाही सांगता आले नसते. मुलीच्या हाती जॉयस्टिक सहसा येत नसे, म्हणून मी भावाच्या मागे उभी राहून ऐकत असे. ‘आधी बंदूक उचलू नको, तो जाड्या येईपर्यंत ठेव’, ‘हा धावत येतो, बाजूला हो आणि मगच मार’, ‘इथे माझा हात बसेना, कालपासून चार रुपये गेले’. त्या वर्णनात ग्राफिक्स हा शब्द मी एकदाही ऐकला नाही, तरी स्वतः न खेळता मला तो गेम पाठ झाला होता. हात बसणे हा आपला शब्दप्रयोग तर गेमविषयी लिहिताना सोन्यासारखा आहे: हात कधी बसला, बसायला किती वेळ लागला, आणि बसल्यावर मजा वाढली की संपली, या तीन प्रश्नांची उत्तरे दिलीत की कंट्रोल्सविषयी आणखी काही सांगावे लागत नाही.

यंत्राचा उल्लेख करा म्हणून मी आग्रह धरते, त्याला माझी स्वतःची फजिती कारणीभूत आहे. डोंगर चढत जाणाऱ्या मुलीचा सेलेस्ट हा २०१८ सालचा गेम मी घरच्या टीव्हीवर सुरू केला आणि आठवडाभराने मैत्रिणींना ठासून लिहिले की यातली उडी उशिरा लागते, उगाच डोक्यावर चढवून ठेवलेला गेम आहे. दोन आठवड्यांनी भाच्याने रिमोटवर कसलेसे बटण दाबले आणि टीव्हीचा गेम मोड चालू केला. तोपर्यंत चित्र अधिक गुळगुळीत दिसावे म्हणून टीव्ही प्रत्येक दृश्यावर काही प्रक्रिया करून मगच ते दाखवत होता, आणि अशा प्रक्रियेत ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचे, म्हणजे मी दर उडीला तीन ते सहा चित्रे मागे होते. गंमत अशी की सेलेस्ट या बाबतीत खेळणाऱ्याशी फार उदारपणे वागतो: कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत उडीचे बटण तो मान्य करतो. गेमने दिलेली ती सवलत माझा टीव्ही परस्पर खात होता आणि दोष मी गेमला देत होते. मैत्रिणींना पुन्हा लिहून चूक कबूल करावी लागली. त्यातल्या एकीने तोवर सवलतीतला सेल संपल्याचेही मला ऐकवले.

आवृत्तीचे तसेच आहे. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठवडाभरात तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला, आणि तो पुन्हा विक्रीला यायला जून २०२१ उजाडले. सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर तो खेळणाऱ्याने मूळ नाराजी वाचली तर त्याला ती भलत्याच गेमविषयीची वाटावी. म्हणून तारीख घालत जा, कारण छापलेले पुस्तक सहसा बदलत नाही आणि गेम मात्र दर सुधारणेबरोबर बदलत राहतो.

आता अर्धवट सोडलेल्या एल्डन रिंगकडे वळते. मत देण्याचा अधिकार तुम्हाला पूर्ण आहे, अट एकच: कुठे आणि का सोडला हे पहिल्याच वाक्यात सांगायचे. ‘फार अवघड आहे’ हे मत झाले, पण ‘तेरा तास खेळलो, स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातल्या मार्गिट या बलाढ्य शत्रूपाशी तीन रात्री घालवल्या आणि चौथ्या रात्री चालू करावासा वाटला नाही’ ही माहिती झाली, आणि वाचणारा त्यावरून स्वतःपुरता निष्कर्ष काढू शकतो. तो तुमच्या विरुद्धही असू शकेल. या गेममध्ये काठिण्य कमी करण्याची सोय मेन्यूत नाही, ती नकाशात आहे: मार्गिटला तसेच सोडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलाकडे घोडा वळवावा, आपल्या पात्राची ताकद चार पातळ्यांनी वाढवून परत यावे, किंवा मदतीला भूतगण बोलवावेत, अशी त्याची रचना आहे. सुरुवातीच्या माळरानावर सोनेरी चिलखत घातलेला जो घोडेस्वार भेटतो, त्याच्याकडून मार खाऊन अनेकांना हेच शिकावे लागते की समोर दिसले म्हणजे लढलेच पाहिजे असे नाही. तुमच्या मजकुरात मात्र ‘पुढे जायला दुसरा रस्ताच नव्हता’ असे वाक्य आहे. ते खोडू नका, उलट ठेवाच, कारण रस्ता असूनही गेमने तो तुम्हाला जाणवू दिला नाही ही टीका रास्त आहे. फक्त ‘मला दिसला नाही’ असे लिहा. आमच्या अहवालांत या दोन वाक्यांतला फरक म्हणजे प्रोग्रॅमरशी होणारे अर्ध्या तासाचे भांडण.

हाच न्याय सोयी वापरणाऱ्यांनाही लागू आहे. पाताळातून पळून जाणाऱ्या राजपुत्राचा हेडीस हा गेम मी गॉड मोड लावून खेळले: त्यात सुरुवातीलाच तुम्हाला होणारी इजा वीस टक्क्यांनी कमी होते आणि प्रत्येक मरणानंतर आणखी दोन टक्क्यांनी. तो लावून खेळण्यात कमीपणा काही नाही, पण लावला होता हे न सांगता ‘सोपा आहे’ म्हणणे ही मात्र फसवणूक आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहून जायला नको. तुमचे मित्र स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम घेत असतील तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच साधारणपणे पैसे परत मिळतात. म्हणून गेमचा खरा स्वभाव दोन तासांच्या आत कळतो की नंतर, हे एक वाक्य त्यांना तुमच्या दहापैकी आठ गुणांपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. त्यासाठी मी एक सवय ठेवली आहे: गेम बंद करताना, कितीही झोप आलेली असो, फोनमध्ये दोन ओळी टिपते, कुठे थांबले आणि का थांबले. ‘जेवायला हाक आली’ असे लागोपाठ चार दिवस लिहिलेले आढळले तर गेम चांगला आहे. ‘उद्या बघू’ असे लागोपाठ चार दिवस आढळले तर मला त्याचा कंटाळा आलेला आहे, मग महिन्याच्या शेवटी मी स्वतःला काहीही पटवून देत असले तरी. आठवणीवर विसंबून लिहिले की शेवटची लढाई आणि शेवटचे दृश्य एवढेच उरते आणि मधले वीस तास गायब होतात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, तुम्ही केलेल्या कृतीपासून सुरुवात करा, यंत्र, तारीख आणि लावलेल्या सोयी सांगा, आणि थांबल्याचे कारण लपवू नका.

राजीचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे आणि त्याचे नेमके उत्तर माझ्याकडेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला आणि २०२० साली आलेला हा गेम पाहताना मलाही भरून आले होते: धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, छायाबाहुल्यांतून उलगडणाऱ्या कथा. आपल्या घरात ऐकलेली नावे कंट्रोलर हातात असताना कानावर पडणे ही सवयीची गोष्ट नव्हे, आणि तो आनंद लिहून टाकण्यात संकोच कशाला? मात्र तो आनंद वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि हाताचा अनुभव वेगळ्या. खांबाला धरून गिरकी घ्यायची आणि त्या झोकात त्रिशूळ चालवायचा, हे तुम्हाला पाचव्या वेळी जितके आवडले तितकेच पंचविसाव्या वेळीही आवडले का? उडी कुठवर पोहोचेल याचा अंदाज लांबवरच्या कॅमेऱ्यातून येत होता का? माझ्यापुरते सांगायचे तर गिरकी शेवटपर्यंत आवडली आणि उडीचा अंदाज बऱ्याचदा चुकला. घरचा म्हणून गुण वाढवणे जितके चूक, तितकेच निःपक्षपाती दिसण्याच्या हट्टाने घरच्याला जास्त झोडपणेही चूक, आणि दुसरी चूक आपल्याकडे जास्त होते असे माझे निरीक्षण आहे.

गुणांविषयी माझे मत तुम्हाला कदाचित टोकाचे वाटेल: देऊ नका. आमच्या कामात प्रत्येक दोषापुढे दोन स्वतंत्र खुणा असतात, दोष किती गंभीर आणि तो दुरुस्त करण्याची किती तातडी. गेम पूर्ण बंद पडणे गंभीर, पण ते कुणी जात नाही अशा कोपऱ्यात हजारात एकदा घडत असेल तर तातडी कमी. उलट पहिल्याच पडद्यावर नावातला एक काना चुकला असेल तर दोष किरकोळ, पण तातडी मोठी. हे दोन आकडे मिसळून एक केला की कुणालाच काही कळत नाही, म्हणून आम्ही ते मिसळत नाही. दहापैकी आठ लिहिताना तुम्ही नेमके तेच करता. त्याऐवजी खटकलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती आणि तिने तुमचा प्रत्यक्षात किती वेळ खाल्ला, हे लिहिलेत तर मित्र आपापला आकडा लावतील.

राहता राहिला ओब्रा डिन, आणि त्याविषयी लिहिताना सर्वांत जास्त सांभाळा. लुकास पोप यांचा हा २०१८ सालचा गेम आहे. १८०७ साली एक जहाज माणसांविना बंदरात परत येते, ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने विम्याची चौकशी करायला तुम्ही त्यावर चढता, आणि जहाजावरच्या साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव व त्याचे काय झाले हे शोधायचे असते. एवढे सांगायला हरकत नाही, कारण गेमच ते सुरुवातीला सांगतो. जुन्या संगणकाच्या पडद्यासारख्या दोनच रंगांतल्या त्या चित्रांना तुम्ही ‘वेगळे ग्राफिक्स’ म्हटले आहे, पण त्यामुळे तुम्ही चेहऱ्यांऐवजी कशाकडे पाहू लागलात, हे लिहिता येईल. खलाशांत काही हिंदुस्थानी माणसेही आहेत. त्यांना ओळखताना तुम्ही आपल्याकडच्या कोणत्या खुणा आधाराला धरल्या आणि त्या कितपत खऱ्या ठरल्या, हे तर दुसरीकडचा खेळाडू लिहूच शकणार नाही. मात्र उत्तरे लिहू नका. गुप्ततेच्या करारांमुळे गेमचे नाव न घेता त्याविषयी बोलण्याची आम्हाला सवय असते, आणि त्यातून एक साधा नियम मी उचलला आहे: गेम कोणता प्रश्न विचारतो ते सांगावे, आपण तो सोडवताना कुठे चाचपडलो तेही सांगावे, उत्तर स्वतःपाशी ठेवावे.

हा गेम एका वेळी तीन बरोबर उत्तरे जमली की मगच शिक्कामोर्तब करतो, त्यामुळे दोन पक्की आणि तिसरा अंदाज या अवस्थेत माणूस रात्रभर अडकू शकतो, आणि मी सध्या तिथेच आहे. माझी एकोणचाळीस झाली आहेत. तुमची किती झाली तेवढा आकडा जरूर कळवा. नावे कृपया नकोत.